संकेतस्थळाच्या रिडायरेक्ट लिंकचा स्पॅमवाले गैरवापर करीत आहेत. तो कायमचा कसा थांबवावा?

प्रश्न : मंगळवार_पेठ

नमस्कार. कोल्हापुरातील चपलेची दुकाने, यात्री निवास, खानावळी आणि गुजरीतील सराफी दुकाने यांची माहिती एकत्र देणारे एक छोटे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे. ते पीएचपीत लिहिलेले आहे, शेअर्ड होस्टिंगवर चालते आणि त्याची सगळी देखभाल मी एकटाच करतो. प्रत्येक दुकानाच्या पानावर त्या दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक दिलेली आहे. महिनाअखेरीस दुकानदार ‘तुमच्याकडून आमच्याकडे किती गिऱ्हाईक आले’ असे हमखास विचारतात, म्हणून ती लिंक थेट न देता ‘जा’ नावाच्या एका लहानशा फाइलमार्फत दिली आहे. पाहुण्याने लिंक दाबली की ही फाइल डेटाबेसमध्ये एक नोंद करते आणि लिंकमध्ये जो पत्ता असेल तिकडे त्याला पाठवून देते (यालाच रिडायरेक्ट म्हणतात). लिंकचे रूप साधारण असे आहे : करवीर.उदाहरण/जा?पत्ता= आणि त्यापुढे दुकानाच्या संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता. (खरे डोमेन येथे देत नाही.)

गेल्या आठवड्यात सोलापूरहून एका ताईंचा फोन आला. मागच्या नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आल्या असताना त्यांनी आमच्या संकेतस्थळावर पाहून महाद्वार रोडजवळच्या एका दुकानातून चपला घेतल्या होत्या. आता त्यांना व्हॉट्सअॅपवर ‘आपले पार्सल अडकले आहे, ४९ रुपये भरा’ असा संदेश आला आणि त्यातील लिंक आमच्या डोमेनने सुरू होत होती. त्यांनी ती दाबली, तेव्हा कार्डाचा तपशील मागणारे भलतेच पान उघडले. त्यांना शंका आली आणि त्यांनी काही भरले नाही. परंतु ‘तुमचं नाव बघून विश्वासानं दाबलं हो’ हे त्यांचे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्या रात्री मी सर्व्हरचा लॉग उघडला. पहाटे २ वाजून ११ मिनिटांपासून ‘जा’ या फाइलकडे सेकंदाला चार-पाच मागण्या येत होत्या, आणि ‘पत्ता=’ च्या पुढे आमच्या एकाही दुकानाचा पत्ता नव्हता. कुठे जुगाराची पाने होती, कुठे औषधांची, तर कुठे टक्केचिन्हे आणि आकडे यांची एवढी लांबलचक माळ होती की नेमका पत्ता कोणता हे डोळ्यांना कळतच नव्हते. गूगलवर ‘साइट:’ लिहून आमचे डोमेन शोधले, तेव्हा आमच्या नावाखाली जुगाराच्या पानांची शीर्षके दिसली. चपलेच्या नावावर दुसऱ्याने भलता माल खपवू नये म्हणून २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच चपलांच्या दुकानांसाठी उभ्या केलेल्या आमच्या नावावर कोणी उघडपणे फसवणुकीचा माल खपवतो आहे, हे पाहून फार वाईट वाटले.

आतापर्यंत मी जास्त मागण्या करणारे आयपी पत्ते बंद केले आणि पत्त्यात जुगाराशी संबंधित शब्द असतील तर लिंक अडवली. दोन दिवस शांतता होती, तिसऱ्या दिवशी नवे आयपी आणि नवे शब्द घेऊन तीच मंडळी परत आली. दुकानदारांना हिशेब तर द्यायचा आहे, त्यामुळे ही सोय बंद करणे मला परवडणारे नाही. हा प्रकार मुळातून कसा थांबवावा, आणि आतापर्यंत झालेले नुकसान कसे निस्तरावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


उत्तर : उद्यमनगर

मंगळवार पेठकर साहेब, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो : आपला सर्व्हर कोणी फोडलेला नाही. आपण केलेली सोय जशी लिहिली आहे तशीच चालते आहे, आणि दोष नेमका त्या रचनेतच आहे. लिंकमध्ये जो पत्ता येईल तिकडे पाहुण्याला पाठव, असे आपण त्या फाइलला सांगून ठेवले आहे. तो पत्ता कोणी लिहिला, आपण की ठगाने, हे तिला कळण्याचा काही मार्गच नाही. या दोषाला ‘ओपन रिडायरेक्ट’ म्हणतात. सॉफ्टवेअरमधील दोषांची जी सर्वमान्य सीडब्ल्यूई यादी आहे, तिच्यात त्याला ६०१ हा क्रमांक आहे, आणि ओवास्प या संस्थेच्या वेब सुरक्षेच्या पहिल्या दहा धोक्यांत २०१० आणि २०१३ या दोन्ही वेळी तो दहाव्या स्थानी होता. २०१७ च्या यादीत त्याला स्वतंत्र जागा राहिली नाही. पण आपला लॉगच सांगतो आहे की स्पॅमवाल्यांनी तो सोडलेला नाही.

त्यांना यातून काय मिळते, हेही समजून घ्यावे, म्हणजे उपाय पटेल. नव्याने घेतलेल्या डोमेनवरून आलेली लिंक ईमेलचे गाळणे संशयाने पाहते आणि माणूसही बिचकतो. आपले डोमेन मात्र काही वर्षे जुने आहे आणि त्याच्याविरुद्ध कधी तक्रार झालेली नाही. त्या पुण्याईवर त्यांचे पान गाळण्यातून पार होते. सोलापूरच्या ताईंच्या बाबतीत हेच झाले.

आयपी आणि शब्द अडवण्याचा मार्ग सोडून द्यावा. वाईट पत्त्यांची यादी कधीच पूर्ण होत नसते, चांगल्या पत्त्यांची यादी मात्र आपल्या डेटाबेसमध्ये आजच पूर्ण आहे! प्रत्येक दुकानाची एक ओळ आहे, तिला क्रमांक आहे आणि तिच्यात दुकानाचा पत्ता आहे. मग लिंकमध्ये पत्ता कशाला हवा? तिथे फक्त क्रमांक ठेवावा : करवीर.उदाहरण/जा?दुकान=५७. फाइलने तो क्रमांक पूर्णांक आहे ना हे पाहावे, डेटाबेसमधून ५७ क्रमांकाच्या दुकानाचा पत्ता काढावा, नोंद करावी आणि पाठवून द्यावे. क्रमांक सापडला नाही तर ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ असा कोड द्यावा, मुखपृष्ठावर पाठवू नये. आता ठगाने क्रमांक कितीही बदलून पाहिले तरी फार तर तो आपल्याच दुसऱ्या एखाद्या दुकानात जाऊन पोहोचेल. हा बदल एका संध्याकाळचे काम आहे, आणि त्यातून हा दार उघडे राहण्याचा प्रश्नच संपतो.

पाठवताना कोणता कोड देता, तेही पाहून घ्यावे. ३०१ म्हणजे कायमचा बदल, आणि ब्राउझर ते उत्तर स्वतःपाशी साठवून ठेवू शकतो; मग तोच माणूस दुसऱ्यांदा लिंक दाबतो तेव्हा मागणी आपल्यापर्यंत येतच नाही आणि नोंद चुकते. मोजणीच्या लिंकसाठी ३०२, म्हणजे तात्पुरता बदल, योग्य आहे, सोबत कॅशे-कंट्रोल या हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’, म्हणजे साठवू नये, असे द्यावे. हेडर पाठवल्यानंतर पीएचपीत लगेच ‘एक्झिट’ लिहायला विसरू नये, नाहीतर ब्राउझर निघून गेल्यावरही खालचा कोड चालत राहतो.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर नव्या लिंकसाठी रिडायरेक्टच काढून टाकावा. दुकानाची थेट लिंक द्यावी आणि ती दाबली जाताच जावास्क्रिप्टच्या ‘सेंडबीकन’ या सोयीने आपल्या सर्व्हरला एक छोटी नोंद पाठवावी. ही सोय पान सोडताना माहिती पाठवण्यासाठीच केलेली आहे, त्यामुळे पाहुण्याला थांबावे लागत नाही. ज्यांनी जावास्क्रिप्ट बंद केले आहे किंवा जे अशा नोंदी अडवणारे साधन वापरतात त्यांची मोजणी सुटेल, हे खरे आहे. परंतु दुकानदाराला अंदाज हवा असतो आणि तेवढे काम यात निश्चित होते.


उत्तर : शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मी एका गूळ व्यापाऱ्याच्या संकेतस्थळाचे काम पाहतो. आमच्याकडेही असा त्रास झाला होता. आम्ही रचना न बदलता फक्त रेफरर, म्हणजे पाहुणा कोणत्या पानावरून आला हे सांगणारी नोंद, तपासला. म्हणजे मागणी आमच्याच पानावरून आली असेल तर पुढे पाठवायचे, आणि व्हॉट्सअॅप, ईमेल किंवा दुसऱ्या संकेतस्थळावरून थेट आली असेल तर ‘आपण आमच्या संकेतस्थळाबाहेर जात आहात’ असे पान दाखवायचे. चार ओळींचे काम आहे, आणि त्रास बराच कमी झाला. ज्यांना लगेच काहीतरी करायचे आहे त्यांनी हे आधी करावे असे मला वाटते.


उत्तर : राजारामपुरी

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वेब सुरक्षा शिकवते, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिते.

शाहूपुरीकर साहेबांनी सांगितलेला उपाय आजच्या रात्रीपुरता योग्य आहे, आणि तो केल्यामुळे सोलापूरच्या ताईंसारख्या कोणाला तरी वाटेत सावध करणारे एक पान दिसेल, हे मोलाचे आहे. मात्र त्यावर कायम विसंबू नये. रेफरर हे हेडर पाहुण्याचा ब्राउझर पाठवतो आणि ते न पाठवण्याची मुभा त्याला आहे. खासगीपणा जपणारी काही माणसे ते मुद्दाम बंद ठेवतात, काही अॅप ते पाठवतच नाहीत. म्हणून रेफरर नसेल तर जाऊ द्यायचे असे ठरवले की ठगालाही वाट मोकळी होते, कारण आपल्या पानावर ‘नो-रेफरर’ एवढे लिहिणे त्याला पुरते. आणि रेफरर नसेल तर अडवायचे असे ठरवले की प्रामाणिक गिऱ्हाईक अडते. दुसरी अडचण आमच्या प्रयोगशाळेत मुले नेहमी दाखवून देतात : आपल्याच संकेतस्थळावर अभिप्राय लिहिण्याची जागा असेल आणि तिथे ठगाने ‘जा’ ची लिंक चिकटवली, तर तिथून येणाऱ्या मागणीचा रेफरर अगदी शुद्ध, आपलाच असतो.

उद्यमनगरकरांचा क्रमांकाचा उपाय हाच मुख्य उपाय आहे. तरीही काही ठिकाणी पत्ता स्वीकारावाच लागतो आणि तिथे पुष्कळ जण स्वतः तपासणी लिहितात. त्या तपासण्या कशा फसतात ते दाखवते, कारण कोड वाचताना त्या अगदी बरोबर वाटतात.

पत्ता ‘एचटीटीपीएस://करवीर.उदाहरण’ या अक्षरांनी सुरू होतो का, एवढेच पाहिले, तर ‘एचटीटीपीएस://करवीर.उदाहरण.ठग.उदाहरण’ हा पत्ताही त्यात बसतो, आणि तो ठगाच्या डोमेनचा उपभाग आहे. शेवटी तिरकी रेघ जोडून पाहिले तर ही एक वाट बंद होते. पत्त्यात कुठेतरी ‘करवीर.उदाहरण’ आहे का एवढेच पाहिले, तर ‘एचटीटीपीएस://करवीर.उदाहरण@ठग.उदाहरण’ पार होतो. इथे ‘@’ च्या आधीचा भाग ब्राउझर वापरकर्त्याचे नाव समजतो आणि खरे ठिकाण त्याच्या पुढे असते. ‘तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता म्हणजे आपल्याच संकेतस्थळातला’ असे मानणारे तर फारच आहेत. परंतु दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा ‘//ठग.उदाहरण’ हा पत्ता चालू पानाचा प्रोटोकॉल घेऊन सरळ बाहेर जातो, आणि दुसरी रेघ उलटी असली, म्हणजे ‘/\ठग.उदाहरण’ असे लिहिले, तरी ब्राउझर तिला सुलटी रेघ समजूनच चालतो. पत्त्यात मध्येच टॅब किंवा नवी ओळ घुसवली तर ब्राउझर ती गुपचूप काढून टाकतो. आपली तपासणी ते अक्षर असलेला पत्ता वाचते आणि ब्राउझर ते नसलेला पत्ता उघडतो. लॉगमध्ये आपल्याला जी टक्केचिन्हांची माळ दिसली, ती पत्ता एकदा किंवा दोनदा सांकेतिक करून अशाच तपासणीच्या डोळ्यांआड करण्यासाठी असते. पीएचपीतील ‘फिल्टर व्हॅलिडेट यूआरएल’ या सोयीवर पुष्कळांचा भरवसा असतो, परंतु ती फक्त पत्त्याची घडण पाहते. ठगाचा पत्ता घडणीने निर्दोषच असतो.

यावरून माझा आग्रह असा की ही तपासणी स्वतः लिहू नये. वर्डप्रेस वापरत असाल तर ‘डब्ल्यूपी रिडायरेक्ट’ ऐवजी ‘डब्ल्यूपी सेफ रिडायरेक्ट’ वापरावे. ते फक्त आपल्या आणि आपण मान्य केलेल्या होस्टकडेच, म्हणजे डोमेनकडेच, पाठवते, बाकी सर्वांना ठरलेल्या सुरक्षित पानाकडे वळवते. पायथनमधील जँगो या चौकटीत ‘यूआरएल हॅज अलाउड होस्ट अँड स्कीम’ हे फंक्शन याच कामासाठी आहे.

आणि साहेब, आपण फक्त ‘जा’ या फाइलविषयी विचारले आहे. दुकानदारांना स्वतःची माहिती बदलण्यासाठी लॉगिन असेल, तर ते पानही आजच उघडून पाहावे. लॉगिन झाल्यावर मूळ पानावर परत नेण्यासाठी लिंकमध्ये ‘परत=’ असे काही असते का? बहुतेक ठिकाणी असते, आणि तिथे तोच दोष असतो. माझ्या मते तो ‘जा’ पेक्षा घातक आहे. माणूस आपल्या खऱ्या पानावर, पत्त्याची पट्टी नीट वाचून, खरा पासवर्ड भरतो; त्यानंतर ‘परत=’ मधील पत्त्याने तो ठगाच्या हुबेहूब पानावर पोहोचतो, तिथे ‘पासवर्ड चुकला, पुन्हा भरा’ असे लिहिलेले असते, आणि दुसऱ्यांदा तो पट्टीकडे पाहत नाही. दुसऱ्या सेवेच्या खात्यावरून आत घेणाऱ्या लॉगिनमध्ये, म्हणजे ओऑथमध्ये, अशा उघड्या दारातून सांकेतिक क्रमांक बाहेर पडू शकतो, असा इशारा ओऑथ २.० च्या २०१२ सालच्या मूळ मानकातच दिलेला आहे. लॉगिननंतर फक्त आपल्या ठरावीक पानांच्या यादीतील एकाच पानाकडे पाठवावे.


मंगळवार_पेठ

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मॅडम, लॉगिनचे पान पाहिले; ‘परत=’ होते आणि आपण सांगितलेल्या दोन तिरक्या रेघांनी ते खरोखरच बाहेर गेले. हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते. रात्रीच ते बंद केले. रेफरर नसलेल्यांना थांबवणारे पानही तात्पुरते लावले आहे.

क्रमांकाची रचना करायला घेतली, तेव्हा एक अडचण समोर आली. बऱ्याच दुकानदारांनी जुन्या लिंकचे क्यूआर कोड छापून गल्ल्यावर, पाटीवर आणि पिशव्यांवर लावले आहेत. भवानी मंडपाजवळच्या एका दुकानात तर तो काचेवर कायमचा रंगवून घेतला आहे. त्या कोडमध्ये ‘पत्ता=’ वाली जुनीच लिंक आहे. ती बंद केली तर त्यांचे नुकसान होईल आणि चालू ठेवली तर दार उघडेच राहील. शिवाय सणाच्या आधी आम्ही गिऱ्हाइकांना ईमेल पाठवतो. त्यात दुकानांच्या एकेका सवलतीच्या पानाची लिंक असते, आणि ती पाने दरवेळी वेगळी असतात, त्यामुळे डेटाबेसमध्ये नसतात. या दोन्हींचे काय करावे?


उत्तर : उद्यमनगर

क्यूआर कोडची चिंता करू नये. जुन्या लिंका मोजक्या आणि माहीत असलेल्या आहेत, कारण त्या आपणच तयार केल्या होत्या. डेटाबेसमधील प्रत्येक दुकानाच्या पत्त्यापासून जुनी लिंक जशी बनत होती तशी पुन्हा बनवावी आणि एका वेगळ्या तक्त्यात ‘जुना पत्ता’ व ‘दुकान क्रमांक’ अशा जोड्या भराव्यात. ‘पत्ता=’ असलेली मागणी आली की तो मजकूर तक्त्यातील एखाद्या नोंदीशी अक्षरशः, तंतोतंत जुळतो का एवढेच पाहावे. जुळला तर पाठवताना लिंकमधला मजकूर कधीही वापरू नये, तक्त्यातून आलेल्या क्रमांकाचा पत्ता वापरावा. जुळला नाही तर ४०४ द्यावा. इथे ‘सुरुवात जुळते का’ किंवा ‘होस्ट जुळतो का’ अशी सवलत देण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. छापील कोड बदलत नसतो, त्यामुळे सवलतीची गरजच नाही. एखाद्या दुकानदाराने मध्यंतरी आपले संकेतस्थळ बदलले असेल तर या रचनेत त्याच्या काचेवरचा जुना कोड नव्या पत्त्याकडे जाईल, हा त्याचा आणखी एक फायदा.

ईमेलमधील लिंकसाठी मात्र सही वापरावी. कल्पना अशी आहे : ईमेल तयार करताना आपला प्रोग्रॅम पत्ता आणि मुदतीची तारीख हे दोन्ही एकत्र घेतो, सर्व्हरवर ठेवलेली एक गुप्त किल्ली त्यांना लावतो आणि एचमॅक या पद्धतीने, एसएचए-२५६ वापरून, एक ठसा काढतो. तो ठसा लिंकच्या शेवटी जोडला जातो. लिंक परत आली की सर्व्हर तोच ठसा पुन्हा काढून ताडून पाहतो. पत्त्यात किंवा तारखेत एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही, आणि किल्ली नसलेल्या माणसाला नवा ठसा काढता येत नाही. ही पद्धत १९९७ साली आरएफसी २१०४ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. पीएचपीत ‘हॅश एचमॅक’ने ठसा काढावा आणि ताडण्यासाठी दोन बरोबरीच्या चिन्हांऐवजी ‘हॅश इक्वल्स’ वापरावे, कारण ते तुलनेला लागणाऱ्या वेळेवरून ठशाचा अंदाज बांधू देत नाही. किल्ली संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवू नये.


उत्तर : राजारामपुरी

उद्यमनगरकर साहेबांच्या उत्तरात एकच भर घालते, कारण ही चूक मी एका चांगल्या प्रकल्पात पाहिलेली आहे. सही कोण करतो, यावर तिची किंमत ठरते. त्या प्रकल्पात अभिप्रायांमध्ये येणाऱ्या प्रत्येक लिंकवर संकेतस्थळ आपोआप सही करत असे. मग स्पॅमवाल्याने फक्त एक अभिप्राय लिहायचा, आपल्या पत्त्याची सही झालेली लिंक उचलायची आणि हजारो ईमेलमध्ये ती वापरायची! सर्व्हर ती खरी मानणारच, कारण ती खरीच होती. आपण स्वतः ईमेलमध्ये लिहिलेल्या पत्त्यांवरच सही व्हावी, बाहेरून आलेल्या कोणत्याही मजकुरावर होऊ नये. आणि मुदत ठसा काढण्याच्या आधीच मजकुरात घालावी. ती बाहेर ठेवली तर कोणीही तारीख पुढे ढकलेल. सणाच्या सवलतीला पंधरा दिवस पुरेसे आहेत.

सावध करणारे पान ठेवणार असाल तर त्यावर ज्या डोमेनकडे जायचे आहे त्याचे नाव ठळक दिसू द्यावे, आणि पाच सेकंदांनी आपोआप पुढे नेण्याची सोय ठेवू नये. आपोआप पुढे नेणारे पान म्हणजे थोडा उशिराने होणारा रिडायरेक्टच असतो. पत्ता पानावर छापण्याआधी त्यातील चिन्हे निष्प्रभ करावीत आणि ‘एचटीटीपी’ व ‘एचटीटीपीएस’ यांखेरीज कोणत्याही प्रकारचा पत्ता नाकारावा. ‘जावास्क्रिप्ट:’ ने सुरू होणारी लिंक आपल्या पानावर छापली गेली आणि कोणी ती दाबली, तर तो कोड आपल्या डोमेनच्या अधिकाराने चालतो.


उत्तर : शाहूपुरी_तिसरी_गल्ली

मॅडम, रेफररविषयीचे आपले म्हणणे पटले. आमच्याकडेही अभिप्रायांची जागा आहे. मीही या आठवड्यात क्रमांकाची रचना करून घेतो.

गूगलमधील सफाईबाबत मात्र मला अनुभव आहे, तो लिहितो. त्यात आमचे दोन महिने वाया गेले, तसे मंगळवार पेठकरांचे होऊ नयेत. आम्ही घाबरून पहिल्याच दिवशी रोबोट्स फाइलमध्ये रिडायरेक्टच्या लिंका वाचायला मनाई केली. परिणाम उलटा झाला. मनाई असल्यामुळे गूगलचा रोबोट त्या लिंका पुन्हा उघडेना, त्यामुळे त्या आता ४०४ देतात हे त्याला कळेना आणि त्या नोंदी यादीत तशाच पडून राहिल्या. क्रम असा हवा : आधी दार बंद करावे, म्हणजे अनोळखी लिंकला ४०४ किंवा ४१० (पान कायमचे काढले) मिळू लागेल, मग रोबोटला ते मोकळेपणाने वाचू द्यावे, नोंदी गळाल्यावर पाहिजे तर मनाई लावावी. सर्च कन्सोल या गूगलच्या संकेतस्थळमालकांसाठीच्या साधनातील काढून टाकण्याची सोय निकडीच्या वेळी उपयोगी आहे, पण ती साधारण सहा महिन्यांपुरतीच लपवते. त्या मुदतीत मूळ दोष दुरुस्त झालेला नसेल तर नोंदी परत दिसतात. सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेचा जो अहवाल असतो तोही पाहावा, आणि तिथे काही ठपका असेल तर दुरुस्तीनंतर फेरतपासणीची विनंती करावी.

आमच्या नावाखाली दुसऱ्याचे पान का दिसते, हे मलाही कोडे होते. ३०२ म्हणजे तात्पुरता बदल, त्यामुळे गूगल मूळ लिंकच खरी धरण्याची शक्यता असते आणि मजकूर मात्र पलीकडच्या पानाचा दाखवते. यावरून ३०१ करावे असा निष्कर्ष काढू नये, दार बंद झाले की तो प्रश्न उरत नाही.

लॉग पुसू नयेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि फिशिंगसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ज्या कोणाचे पैसे गेले असतील त्यांनी वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. आपल्या मुखपृष्ठावर चार ओळींची सूचनाही द्यावी. आम्ही दिली तेव्हा व्यापारी आधी ‘बदनामी होईल’ म्हणून नाराज होते, परंतु त्यानंतर आलेल्या फोनमध्ये लोक आमचे आभारच मानत होते.


मंगळवार_पेठ

सर्वांना नमस्कार. काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो आहे.

नवी रचना मंगळवारी रात्री चालू केली. दुकानांच्या पानांवर आता थेट लिंक आहेत आणि मोजणी सेंडबीकनने होते. क्यूआर कोडसाठी जुळणीचा तक्ता आहे. ईमेलसाठी पंधरा दिवसांच्या मुदतीची सही आहे. चालू केल्यावर मी लॉगसमोर बसून राहिलो. पहाटे २ च्या सुमारास नेहमीच्या मागण्या सुरू झाल्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ३०२ च्या जागी ४०४ उमटू लागला. त्या मागण्या अजूनही येतात, पण रोज कमी होत आहेत. मुखपृष्ठावर सूचना लावली आहे आणि सोलापूरच्या ताईंना स्वतः फोन करून काय झाले होते ते सांगितले आहे. भवानी मंडपाजवळच्या दुकानात जाऊन काचेवरचा कोड माझ्या मोबाइलवर चालवून पाहिला. तो बरोबर दुकानाच्या पानावर गेला.

तक्ता भरताना एक गोष्ट सापडली, ती इतरांच्या उपयोगाची आहे. डेटाबेसमधील प्रत्येक पत्ता मी हाताने उघडून पाहिला. त्यात दोन दुकानांची डोमेन नूतनीकरण न केल्यामुळे सुटलेली होती, आणि त्यांपैकी एक कोणीतरी विकत घेऊन त्यावर जुगाराचे पान लावले होते. म्हणजे क्रमांक आमचा, नोंद आमची, तपासणी सगळी बरोबर, आणि तरीही गिऱ्हाईक जुगाराच्या पानावर गेले असते. त्या दुकानाचे मालक सुभाष रोडवर पूर्वीच्याच जागी बसतात. त्यांना विचारले तर त्यांचे डोमेन गेले आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते, कारण ज्या मुलाने ते काढून दिले होते तो पुण्याला नोकरीला गेला आहे. दोन्ही लिंका काढून तिथे फक्त फोन नंबर ठेवले आहेत. सगळे पत्ते महिन्यातून एकदा उघडून, पानाचे शीर्षक मागच्या वेळेपेक्षा बदलले असेल तर मला ईमेल करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. ती दर महिन्याच्या १ तारखेला, दुकानदारांचा हिशेब काढण्याच्या आधी चालेल.